बर्मिंगहॅमचा दगड

सहादेवला विलायतेतल्या दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं, आणि त्या आनंदाने त्याची अन्नावरची वासना उडाली होती. एकानेच बोलावलं असतं तर तो मुकाट्याने गेला असता. कोणीच बोलावलं नसतं तर थोडे दिवस तोंड पाडून बसला असता आणि मग नगरच्या कचेरीत आपल्या खुर्चीवर परत रमला असता. पण लंडनने ये म्हटलं आणि बर्मिंगहॅमनेही ये म्हटलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या दिल्लीच्या खात्याने लिहिलं होतं, की दोहोंपैकी एकाचं नाव सोमवारी संध्याकाळपर्यंत तारेने कळवा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल. एकदा कळवलेलं नाव बदलून मिळणार नाही, हेही वर बजावलं होतं. माणसाच्या जिवाला घोर लावायची सरकारला भारी हौस.

म्हणून शनिवारी तो पाथर्डीला उतरला आणि तिथून दुसरी एसटी धरून गावी आला. आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण इथे कशाला आलो हे आपल्यालाच ठाऊक नाही. घरात इंग्रजीचं अक्षर कोणाला येत नव्हतं. विद्यापीठ म्हणजे लई मोठी शाळा, एवढंच आईला माहीत. पण घाबरलेलं माणूस घराकडेच पळतं, मग ते एम.एस्सी. झालेलं का असेना.

साल त्र्याहत्तर, वैशाखाचं ऊन. आदल्या पावसाळ्यात पाऊस आलाच नव्हता, आणि त्याच्या आदल्या सालीही त्याने हात आखडताच घेतला होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं आणि टँकरचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावत होत्या. सहादेव पुण्याला भूगर्भशास्त्र शिकला होता आणि नगरच्या कचेरीतर्फे गावोगावच्या आटलेल्या विहिरी मोजत फिरत होता. जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं याचंच पुढचं शिक्षण त्याला घ्यायचं होतं. आपण शिकून आलो की तालुक्याला पाणी कुठे आहे ते छातीठोकपणे सांगू, अशी त्याची समजूत होती. कोरड्या विहिरी बघून बघून आलेला उबग तो त्या समजुतीवरच सोसत होता.

लंडनच्या बाजूने सगळं जग होतं. कचेरीतले साहेब म्हणाले होते, की लंडन मिळत असताना भलतीकडे जाणारा माणूस त्यांनी अजून पाहिलेला नाही. लंडनचा शिक्का घेऊन आलास तर मुंबईच्या मोठ्या कचेरीत वर्णी लागेल. जामखेडच्या एका डॉक्टरांचा पुतण्या लंडनला राहत होता, आणि आईने, म्हणजे साळूबाईने, त्या कधी न पाहिलेल्या पुतण्याला मनातल्या मनात घरचाच करून टाकला होता. पोरगं तापाने फणफणलं तर निदान पाणी द्यायला कोणी असेल, एवढाच तिचा हिशेब. गावातली माणसं तर सहादेवला आतापासूनच लंडनवाला म्हणू लागली होती. बर्मिंगहॅमचं नाव त्याने गावात फक्त एकदा काढलं, तेव्हा सरपंच आप्पासाहेबांनी विचारलं, की ते तालुक्याचं ठिकाण आहे की नुसतंच खेडं.

बर्मिंगहॅमच्या बाजूने एकच गोष्ट होती, तीही हातभर लांबीची नव्हे. तिथल्या एका अध्यापकाने छापील मजकुराखाली आपल्या हाताने विचारलं होतं, की तुमच्याकडच्या काळ्या खडकातल्या ज्या विहिरी यंदा कोरड्या निघाल्या, त्यांच्यात तुम्ही स्वतः उतरून पाहिलंत का. लंडनने त्याचे गुण बघून ये म्हटलं होतं. बर्मिंगहॅमने त्याला काहीतरी विचारलं होतं. पण एका ओळीवर माणूस आयुष्य लावतो का? तिथे ना ओळख ना पाळख. आणि चुकलं तर? चुकीच्या जागी विहीर धरली की वर्षभर खणावं लागतं आणि शेवटी हाती लागतो कोरडा पाषाण, हे तर त्याने याच उन्हाळ्यात पाहिलं होतं. दोन्ही माहितीपत्रकं वाचून वाचून त्यांच्या घड्या फाटायला आल्या होत्या. लंडन म्हटलं की त्याला वाटायचं आपण भित्रे आहोत, आणि बर्मिंगहॅम म्हटलं की वाटायचं आपण मूर्ख आहोत.

अध्यापकाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने इमानाने दिलं होतं. तो तीन विहिरींत उतरला होता. त्या तिन्ही विहिरींच्या जागा त्याच्या वडलांनी दाखवलेल्या होत्या.

सहादेवचे वडील कारभारी हे पाणाड्या. विहीर कुठे खोदायची ते सांगायला त्यांना साऱ्या पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. उपाशी पोटी, अनवाणी पायांनी, तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालत, आणि खाली पाणी असेल तिथे नारळ शेंडी वर करून उभा राही. हाताने काही चलाखी केली असं कोणी म्हणू नये म्हणून अंगठा ते तळव्यापासून लांब ताणून धरत. इतकी वर्षं ताणला, की एरवी भाकरी मोडतानाही तो अंगठा बाहेरच राहायचा. सहादेव लहानपणी त्यांच्यामागून चालायचा तेव्हा सगळी माणसं नारळाकडे बघत आणि तो अंगठ्याकडे बघायचा. पुण्याला चार बुकं शिकल्यावर त्याचा नारळावरचा विश्वास उडाला. अंगठ्यावरचा उडाला नाही. आपला बाप चुकत असेल, पण लबाडी करत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

कारभारींचा एक दंडक होता. नारळाला विचारायचं तर त्याचं ऐकायचं. विचारून पुन्हा आपल्याच मनाच्या जागी खणणाऱ्याच्या बांधावर ते परत पाय ठेवत नसत.

यंदा मात्र त्यांनी दाखवलेल्या तिन्ही विहिरी कोरड्या लागल्या. तिसरी आप्पासाहेबांच्या मळ्यात होती. आप्पासाहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांचं तोंड त्यांच्या ताब्यात नसे. चावडीपुढे चार माणसांत ते म्हणाले, की कारभारीच्या नारळापेक्षा माझी म्हैस बरी, ती निदान हौदापाशी तरी बरोबर जाते. लोक हसले. कारभारी घरी आले, नारळ शिंक्यात ठेवला आणि ओट्यावर बसले, ते अजून तिथेच होते. सहादेव त्या विहिरींत टेप घेऊन उतरला तेव्हा वर दोर धरायला मात्र तेच उभे राहिले. पोरगा आपली चूक मोजायला खाली उतरतोय हे त्यांना कळत होतं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही आणि यानेही काही सांगितलं नाही. त्याची सहादेवला अजून लाज वाटत होती.

रविवारी सांजच्याला साळूबाई चुलीपुढे मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या तांबड्या अमेरिकन ज्वारीच्या, भाकरी थापत होती. सहादेव समोर बसून एकच घास मघापासून घोळवत होता. तिने थोडा वेळ बघितलं आणि परातीतून वर न बघता म्हणाली, "तुझ्या तात्याला इचार की. नारळ लावू दे."

सहादेवला आधी हसू आलं. विद्यापीठ नारळावर ठरवायचं, हे कचेरीत कळलं तर साहेब खुर्चीवरून खाली पडतील. पण आईचा चेहरा बघून हसू जागच्या जागी विरलं.

"तीन म्हैनं झालं," ती हळूच म्हणाली, ओट्यापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून. "त्यो मानूस कुनाच्या बांधावर पानी बगायला गेला न्हाई. नीट जेवत न्हाई. गावातलं कुनी आता इचारायचं न्हाई त्याला. तू इचारलंस तर उठंल."

आता आली का पंचाईत! हो म्हणावं तर नारळ सांगेल तिथे जावं लागेल, आणि नारळ काय सांगेल याचा नेम नाही. नाही म्हणावं तर बापाला तोंडावर सांगितल्यासारखं, की गावाप्रमाणे माझाही तुमच्यावर भरवसा उरला नाही. शिकलेल्या माणसाला आपली अक्कल बाजूला ठेवता येते. ओट्यावर बसलेला बाप बाजूला ठेवता येत नाही. सहादेव हात धुऊन बाहेर गेला आणि वडलांपुढे उकिडवा बसला. दोन शाळा आहेत, उद्या एकीचं नाव कळवायचंय, मला ठरवता येत नाही, असं त्याने सांगितलं. शेवटी कसंबसं म्हणाला, की तुम्ही नारळ लावाल का.

कारभारींनी समोरच्या वाळलेल्या बोरीवरची नजर काढली.

"इचारलंस तर ऐकावं लागंल," ते म्हणाले.

"व्हय, तात्या."

शब्द तोंडातून गेला. आता माघार नव्हती. बापाला दिलेला शब्द मोडायचा तर विलायतेला कशाला, घराबाहेरही तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

सोमवारी सकाळी कारभारींनी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे चैन होती, पण साळूबाईने ते आदल्या दिवशीच झाकून ठेवलं होतं. त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, शिंक्यातला नारळ काढला, कपाळाला लावला. साळूबाई खडीच्या कामावर उशिरा जाणार म्हणून मुकादमाला सांगून आली होती आणि तिथेच चूक झाली, कारण मुकादमाला सांगितलेलं गावाला सांगितल्यासारखंच असतं. तिघं घरामागच्या पडीक रानात पोचतात तोच आप्पासाहेब छत्री उघडून बांधावर हजर.

आपण सहज आलो, असं ते म्हणाले. लंडन म्हणजे लंडन. ते सांगायला नारळ कशाला पाहिजे, हेही म्हणाले. पण नारळ लावायचाच असेल तर रीतसर लावा, दोन जागांचे दोन दगड ठेवून. कोणता दगड कशाचा ते कारभारीला कळता कामा नये, नाहीतर पोराच्या मनासारखं व्हायचं. कारभारींनी मान हलवली आणि रानाकडे पाठ करून उभे राहिले.

सहादेवने दोन दगड उचलले. लंडनचा त्याने बाभळीजवळ ठेवला आणि बर्मिंगहॅमचा पलीकडे, बांधाच्या कडेला. कोणता कशाचा ते आप्पासाहेबांच्या कानात सांगितलं. आपण हे काय करून बसलो, असं त्याला वाटत होतं. अकरावीला बोर्डात आलेला, पुण्याच्या कॉलेजात पहिला आलेला मुलगा दोन दगडांमध्ये उभा होता आणि त्याच्या साऱ्या शिक्षणाचा निकाल एक वाळका नारळ लावणार होता. पाथर्डीची एसटी दुपारी होती. ती धरली तरच तार संध्याकाळच्या आत जाणार होती.

कारभारी वळले. नारळ डाव्या तळव्यावर आडवा, अंगठा लांब ताणलेला. तीन महिन्यांत खाली गेलेली मान आज वर होती, आणि तेवढ्यासाठी तरी विचारलं ते बरं केलं, असं सहादेवला वाटलं. ढेकळांतून हळूहळू पावलं टाकत ते बाभळीकडे निघाले. साळूबाईने पदर तोंडाशी धरला. आप्पासाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

लंडनच्या दगडापाशी कारभारी थांबले. सहादेव तिथेच चार पावलांवर उभा होता. नारळ हलला नाही. पण कारभारीही हलेनात. आणि मग सहादेवला दिसलं, की तात्या नारळाकडे बघतच नाहीयेत. आजवर नारळ हातात असताना त्यांची नजर कधी ढळली नव्हती, देव समोर आला असता तरी ढळली नसती. आज ते आपल्या मुलाच्या तोंडाकडे बघत होते. क्षणभरच. मग ते पुढे निघाले आणि सहादेवला एकदम धाप लागल्यासारखं झालं. उन्हाने असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो त्यांच्यामागे बांधाकडे चालू लागला.

बर्मिंगहॅमच्या दगडापाशी ते पुन्हा थांबले. वारा नव्हता. नारळ आडवाच होता, बराच वेळ आडवा होता. मग तो शेंडीकडून जरासा उचलला, डुगडुगला आणि उभा राहिला.

सगळ्यांनी नारळ बघितला. सहादेवने अंगठा बघितला. इतकी वर्षं बाहेर ताणलेला तो अंगठा आत वळला होता आणि नारळाच्या बुडाला टेकला होता.

आप्पासाहेब खो खो हसले. पाणी चुकलं ते चुकलं, आता विद्यापीठही चुकलं म्हणाले. लंडन बाभळीखाली पडलंय आणि कारभारीचा नारळ कुठल्या खेड्यात जाऊन उभा राहिला बघा. संध्याकाळपर्यंत हे साऱ्या गावाला कळणार होतं, कारण ते सांगायला आप्पासाहेब आत्ताच निघाले होते. कारभारींनी त्यांना अडवलं नाही. नारळावर दुसरा हात ठेवून ते घराकडे वळले. साळूबाईला हसावं की रडावं कळेना. नवरा उठला होता, पण पोरगं त्या पुतण्यापासून लांब चाललं होतं. ती पाटी उचलून कामावर गेली.

घरी आल्यावर सहादेवने पिशवी भरली, ती तीनदा उघडली आणि तीनदा बांधली. बाहेर येऊन पाहतो तर कारभारी ओट्याच्या पायरीशी नारळ घेऊन बसलेले. त्याच्याच्याने राहवलं नाही.

"तात्या, नारळ आपल्या आपन उभा न्हाई राह्यला."

"न्हाई," कारभारी शांतपणे म्हणाले. "कुठंच न्हाई राह्यला. त्याला तुझ्या शाळंतलं काय कळतंय? यंदा पान्याचंच कळंना झालंय त्याला."

"मग तुमाला कसं कळलं कोनता दगड कशाचा?"

"मला कुठं कळलंय? आप्पासाहेब हसून बोललं तवा कळलं." त्यांनी नारळ हातात फिरवला. "पहिल्या दगडापाशी तू श्वास धरलास. मी फुडं गेलो तवा सोडलास. येवढंच बगितलं मी."

आपण श्वास धरला होता हे सहादेवला आत्ता कळत होतं. एवढे दिवस ज्या प्रश्नाने त्याला खाऊ दिलं नाही, त्याचं उत्तर त्याच्या छातीत तयार होतं, आणि ते सांगायला या माणसाने आपला अंगठा आत घेतला होता. तेही आप्पासाहेबांच्या समोर, पुन्हा एकदा सगळ्या गावाचं हसू पदरात घेऊन. त्याला वडलांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण तो नुसता उभा राहिला.

कारभारींनी नारळ पायरीच्या दगडावर आपटला. हा नारळ दसऱ्याला दसऱ्याला बदलायचा, जुना वाहत्या पाण्यात सोडायचा, फोडायचा कधीच नाही, हे सहादेवला लहानपणापासून माहीत होतं. "तात्या" म्हणून तो पुढे झाला तोवर दोन शकलं झाली होती. आतून पाण्याचा थेंब आला नाही. पाणी कधीच सुकून गेलं होतं आणि खोबरं करवंटीपासून सुटून गोटा झालं होतं.

"ह्यो आता पान्याला चालायचा न्हाई," कारभारी म्हणाले. "एकदा हातानं उभा केला की संपलं."

"दसऱ्याला नवा घ्या."

"नवा न्हाई घ्यायचा." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा सुटा करून त्याच्या हातावर ठेवला. "त्या तिन्ही हिरींत तू उतारलास. वर दोर माज्या हातात हुता. मी कदीच उतारलो न्हाई रं. हिथनंच सांगत आलो." मग म्हणाले, "आता लोकं तुला इचारतेल."

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. उघड्या माळावरून धुळीचे लोट येत होते आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायका एसटी गेली की डोळे मिटून घेत होत्या. त्यांच्यात आई असेल म्हणून तो बघत राहिला, पण सगळ्यांनी तोंडाला पदर बांधलेले होते. बर्मिंगहॅम ठरलं होतं. मन हलकं व्हायला हवं होतं आणि ते होत नव्हतं. चूक निघालं तर आता ते त्याचं एकट्याचं चुकणार नव्हतं. तो शिकून येईल, एखाद्याच्या रानात उभा राहील, इथे खणा म्हणेल, आणि खाली पाषाण लागेल, तेव्हा त्याच्या हातात नारळही नसेल, ज्याच्यावर ढकलता येईल. हे भय तात्यांनी इतकी वर्षं उपाशी पोटी तळहातावर घेऊन चालवलं होतं, आणि आपल्याला मात्र तो नुसता नारळ वाटत होता.

पाथर्डीला तारमास्तरांनी कागद पुढे सरकवला. सहादेवने नाव लिहून दिलं. मास्तरांनी ते वाचलं, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि लंडन नाही का मिळालं, म्हणून आपुलकीने विचारलं. मिळालं होतं, असं तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने खिशातला तुकडा तोंडात टाकला. खोबरं खवट झालं होतं. त्याने ते पुरतं चावून खाल्लं.